खालचा डावा कोपरा

चिकटबाईने पाकीट उलटं केलं, मागच्या बाजूच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला आणि तशीच उभी राहिली. अंगठ्याखाली तारीख होती. कंपनीने एनर्जी बारचं वेष्टण नुकतंच बदललं होतं. आधी वरच्या पट्टीवर असणारी तारीख आता नेमकी त्या कोपऱ्यात आली होती. हातातल्या सूचनेत मात्र लिहिलं होतं, स्टिकर मागे, खालच्या डाव्या कोपऱ्यात.

"ताई, तारीख झाकली जाईल की हो," सुपरवायझर बाई म्हणाली. "फोन लावू का तुमच्या भाऊजींना?"

"सूचनेत काय लिहिलंय?"

"खालचा डावा कोपरा."

"मग तिथेच लावा."

परदेशातून आलेल्या खाऊच्या प्रत्येक पाकिटावर इथल्या भाषेतलं स्टिकर लागतं. आत काय काय घातलंय आणि माल कुणी आणलाय हे त्यावर असल्याशिवाय माल कस्टमच्या फाटकाबाहेर पडत नाही. आणि स्टिकरखाली मूळ तारीख झाकली गेली, की तारखेत लबाडी केली असं धरून सगळी खेप नष्ट करतात. तिथे सबबी चालत नाहीत. फाटकाच्या आत हिची शेड होती, लांबच लांब टेबलं आणि दोन्ही बाजूंनी स्टिकर लावणाऱ्या बायका. बाजारात हिला चिकटबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पहिलं स्टिकर लावण्याआधी ती मालकाला फोन करून उलटसुलट विचारून भंडावून सोडायची. लोक वैतागायचे आणि पुढचा माल पुन्हा तिच्याकडेच टाकायचे.

आज तिने फोन उचलला, पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.

माल दिराचा होता. म्हणजे आता दिराचा. या बारची एजन्सी तिच्या नवऱ्याने खेटे घालून घालून मिळवली होती, पहिल्या स्टिकरचा मजकूर तिने स्वतः लिहिला होता. नवरा गेला. घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ थांबली नव्हती, तोवर दिराने एजन्सी स्वतःच्या नावावर करून घेतली. "वहिनी, तुम्ही कशाला त्या कटकटीत पडता," म्हणाला होता, वर आवाजात माया! ती या शेडमध्ये रोजावर लागली आणि कष्टाने शेडची मालकीण झाली. इतकी वर्षं तिने त्याचं वाटोळं होताना मनातल्या मनात नाना तऱ्हांनी पाहिलं होतं. ते इतकं आयतं हातात येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

या खेपेला तो आपणहून आला होता. नेहमीच्या शेडवाल्याने मागच्या वेळी घोळ घातला होता. "पोरगी म्हणाली, काकूंकडे टाका," असं त्याने भिंतीकडे बघत सांगितलं होतं.

त्या दिवशी चिकटबाई खुर्चीत बसलीच नाही. टेबलांमधून फिरत राहिली. बायकांचे हात सपासप चालत होते, प्रत्येक पाकिटाची तारीख स्टिकरखाली गडप होत होती, आणि तिला पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं. सुपरवायझर बाईने पुन्हा काही विचारलं नाही. एरवी बडबड करणारी बाई त्या दिवशी मान खाली घालून काम करत राहिली.

तपासणी अधिकारी आला. पाकीट फिरवून फिरवून त्याने तारीख शोधली, मग नखाने स्टिकर सोललं. डिंकाबरोबर तारखेची शाईही निघून आली. खेप नष्ट करण्याचा हुकूम झाला, आणि बातमी पोचताच परदेशातल्या कंपनीने एजन्सी काढून घेतली.

दीर तरातरा शेडमध्ये आला.

"वहिनी, दिसलं नाही तुम्हाला? साऱ्या जगाला फोन करता!"

"सूचना तुमची, भाऊजी. खाली सही तुमची. तुमच्या शब्दाबाहेर मी कशी जाणार?"

त्याचा चेहरा पडला. तो तसा पडलेला बघायला तिने किती वर्षं घालवली होती! तिने डोळे भरून बघून घेतला.

"त्या कार्टीने लिहिलं, मी डोळे झाकून सही केली," तो पुटपुटला. "आता तिलाच बघतो."

तो गेल्यावर तो शब्द तिच्या ध्यानात आला. कार्टी म्हणजे पुतणी. त्या घरातून हिला चोरून फोन करणारं, काकू जेवलात का विचारणारं ते एकच माणूस होतं.

दुसऱ्या दिवशी पुतणी बॅग घेऊन शेडच्या ऑफिसात आली.

"सगळ्यांसमोर हाकललं बाबांनी. काकू, मला इथे काम द्याल?"

हो म्हणणं सोपं होतं. एजन्सी गेली, आता लेकही गेली. दिराला याहून झोंबणारं दुसरं काय असणार? पण पोरीच्या तोंडाकडे बघून तिला हो म्हणवेना.

"आधी ऐक. ती चूक मला पहिल्याच पाकिटाला दिसली होती. मी मुद्दाम गप्प बसले. तुझ्या अंगावर येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

आता पोर रडेल, चार शब्द ऐकवेल आणि निघून जाईल, म्हणून तिने मन घट्ट केलं. पुतणीने शांतपणे बॅग खाली ठेवली.

"माहीत आहे, काकू."

"काय माहीत आहे?"

"नवं पाकीट आधी माझ्याच टेबलावर आलं होतं. कोपरा मी बघूनच लिहिला." ती खुर्ची ओढून बसली. "बाबा एजन्सी दादाच्या नावावर करणार होते. चालवायची मी, नाव दादाचं. मला म्हणाले, तुझं काय, तू लग्न करून जाशील."

चिकटबाईने पोरीची बॅग उगाच भिंतीशी सरकवली.

"पण ऑफिसचा फोन समोर ठेवून बसले होते हं मी. वाटलं, तुम्ही कराल. तुम्ही तर सगळ्यांनाच करता. केला असता ना, तर लगेच बदललं असतं, तुमची शपथ. पण तो वाजलाच नाही." ती हसली, अगदी मोकळं. "मग म्हटलं, चला, काकूही आपल्याच बाजूच्या आहेत."

त्या घरातलं कुणीतरी आपल्या बाजूने बोलावं म्हणून चिकटबाई इतकी वर्षं आसुसली होती. आता ते ऐकताना तिला पोरीची भीती वाटली, आणि स्वतःची त्याहून जास्त.

"दादा आता बिस्किटांची एजन्सी बघतोय," पुतणी म्हणाली. "माल इथूनच जाणार ना त्याचाही? येऊ दे की."

"चहा टाकते," चिकटबाई म्हणाली. तिने विजेच्या किटलीत पाणी ओतलं आणि पोरीकडे पाठ करून उभी राहिली.

"काकू, बटण."

"हं?"

पुतणी उठली, हात लांब करून तिनेच बटण दाबलं आणि दोन कप शोधायला लागली.