कुंचीतला वरवंटा

जरा इकडे, खिडकीत बघा. हा काळा, गुळगुळीत दगड म्हणजे मी. मांडवीच्या धोंडूबाईच्या पाट्यावरचा वरवंटा बोलतोय.

धोंडूबाई नवी नवरी असताना तिच्या नवऱ्यानं, भिवानं, मला जत्रेतून आणलं. पाटा त्याच्या डोक्यावर आणि मी तिच्या कडेवर. लग्न झालं नाही तोच पोर, म्हणून बघणारे हसले म्हणे! पुढे कितीतरी वर्षं मी तिच्या हाताखाली खोबरं-मिरची वाटली. मग घरात मिक्सर आला. पाटा न्हाणीकडे कपडे धुवायला गेला आणि मी मागच्या दाराला टेकण म्हणून उरलो. वाऱ्यानं दार आपटू नये, एवढंच माझं काम.

पण आळीत बारसं निघालं की सगळ्यांना माझी आठवण येते. पोर माझ्यासारखं टणक व्हावं म्हणून मला तेल लावतात, कुंची घालतात, काजळाची तीट लावतात. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत बायका मला पाळण्याखालून या हातातून त्या हातात देतात, मग बाळाशेजारी निजवतात. तेवढ्यापुरता मी गोप्या. संध्याकाळी कुंची उतरली की पुन्हा दगड.

एवढी बारशी पाहिली, पण एक कुतूहल फिटलं नव्हतं. आत्या वाकून बाळाच्या कानात नाव सांगते. ते ऐकताना कसं वाटत असेल? आणि माणसांना नावाचं एवढं काय असतं, की घरभर भांडावं?

यंदाच्या पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना, धोंडूबाईच्या लेकाला, अजिंक्यला, मुलगा झाला. भिवा गेल्या वर्षीच वारला होता. नाव काय ठेवायचं, यावरून माझ्या दारात रोज खल चालायचा आणि मी कान टवकारून असायचो.

सून मनिषाला फुलाचं नाव हवं होतं. मोबाइलमध्ये बघून ती एकेक वाचून दाखवायची. पारिजात, बकुळ, पलाश, पंकज. शेवटी तिनं स्वतःच ठरवलं, केतक, म्हणजे केवडा. श्रावणात भिवा खाडीकाठच्या बनातून केवड्याचं कणीस काढून आणायचा, हातभर ओरखडे घेऊन. एक पात धोंडूबाईच्या अंबाड्यात, एक मनिषाच्या वेणीत. घर दोन दिवस घमघमायचं.

अजिंक्यची थोरली बहीण मैना ऐकेना. "फुलांची नावां पोरींना गो! उद्या हा समुद्रावर जाणार. आणि केवडा महादेवाला चालत नाय."

"गणपतीला चालतो ना, वन्सं. आणि हातात धरून तर बघा, कसे काटे असतात ते."

"ता काय नाय. माज्या बाबाचाच नाव लावायचा. भिवा."

आत्याचा मान मोठा. अजिंक्य जाळ्यात डोकं घालून बसला. बहीण आणि बायको यांच्यामध्ये कोण तोंड उघडणार?

धोंडूबाईही गप्प. मला नवल वाटलं. एरवी मासळीच्या बाजारात तिचा आवाज बंदरापर्यंत जातो.

बारशाच्या सकाळी मला तेल चोळताना ती पुटपुटली, "गोप्या, लेक हट्टाला पेटलीय. बापाचा दुःख हाय तिला. पण त्येंचा नाव माज्या तोंडात कधी आला नाय रे. मग नातवाला हाक मारू कशी? जल्मभर 'ए, अरे' करू?"

मी हबकलोच. खरंच, अख्ख्या संसारात तिनं नवऱ्याचं नाव घेतल्याचं मला आठवेना. आता आजी असून नातवाला हाक मारता येणार नाही! पण लेकीला ती सांगणार कसं? बापाच्या नावाला नको म्हटलं तर लेक रुसून निघून जायची.

दुपारी घर बायकांनी भरलं. मी आणि बाळ पाळण्यात शेजारी शेजारी, एकसारख्या कुंच्या घालून. धोंडूबाई पाळण्यापाशी उभी. तेवढ्यात बाळानं भोकाड पसरलं. कशानं, ते मला अजून कळलेलं नाही. तिनं त्याला उचललं आणि मनिषाकडे पाजायला दिलं.

"मैना, चल गो! येळ जातोय!" बायकांनी स्वयंपाकघरातून मैनाला ओढतच आणलं. डोळे आधीच भरलेले. तिनं पाळण्याच्या माळांमध्ये डोकं घातलं, माझी कुंची बाजूला केली आणि कापऱ्या आवाजात म्हणाली, "भिवा."

"कुर्रर्र!" करत बायकांनी तिच्या पाठीत धपके घातले. आणि मागून, मनिषाच्या मांडीवरून, बाळ रडलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मग जो हशा उसळला! मैना कावरीबावरी झाली. "ऱ्हा गो, परत सांगतंय."

"परत कसा?" धोंडूबाई पुढे झाली. "वरवंट्याला दिलेला नाव पोराला घालतंस? ता आता त्याचा झाला." मग तिचा आवाज एकदम उतरला. "बाय, त्येंचा नाव मी घेत नाय. तुज्या भाच्याला मी हाक कशी मारू, सांग."

 हे मैनाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती आईच्या गळ्यात पडून रडली, नाक पुसलं, मनिषाच्या मांडीवरच्या बाळापाशी वाकली आणि नाव सांगितलं.

पहिली हाक धोंडूबाईनं मारली. "केतक!" बंदरापर्यंत गेली असेल.

त्या संध्याकाळी माझी कुंची निघाली, पण दाराला नवी वीट आली. मला धुऊन पुसून तिनं समुद्राकडच्या खिडकीत ठेवलं. कानात नाव पडलं की कसं वाटतं, ते आता मला ठाऊक आहे. आपण कुणाचे तरी झालो असं वाटतं. तुमच्या घरी एखादा वरवंटा अडगळीत पडला असेल, तर त्याला एकदा तरी कुंची घाला.

धोंडूबाई दिवसभर नातवाला नावानं हाका मारते. मला मात्र आता ती गोप्या म्हणत नाही, आणि माझं नवं नावही घेत नाही. येता-जाता पदर सारखा करते आणि हळूच विचारते, "आवो, बघताव ना नातवाला?"