डोणीतलं पाणी

"आठ बादल्या! मला आंगुळीला दोन तांबं, आन त्या सांबरांना आठ बादल्या!" सुनंदावहिनी नवऱ्यावर कडाडल्या.

विश्रामनं मान वर केली नाही. तो वाटेवरच्या मातीवर खराटा फिरवत होता. इकडं उत्तरेत, मनीमाजऱ्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला दगडाची ही छोटी खाण आहे. आम्ही दोघं माणदेशातले, एकाच पलटणीतून निवृत्त होऊन इथं राखणदार म्हणून चिकटलो. संध्याकाळी वाटेवर बारीक माती सारखी करायची, सकाळी तिच्यात उमटलेली पावलं बघून जनावरं वहीत लिहायची, हे काम विश्रामकडं होतं. खाणीनं जनावरांचं किती नुकसान केलं, ते त्या वहीवरून ठरायचं होतं.

आता ते काय वहीतून बघायचं? खड्डा खोल गेला आणि वरचा झरा आटला. फाल्गुनात सांबराची एक मादी पाडसाला घेऊन आली आणि आमच्या टाकीचा गळका नळ चाटत उभी राहिली. तेव्हापासून हा बाबा मोजणीच्या वाटेशेजारची पडकी डोणी, गुरांना पाणी पाजायचं दगडी कुंड, भरायला लागला. कुणाला विचारावं, सांगावं, काही नाही. तहानलेलं जनावर दारात आलं की आमच्याकडं कुणी विचारत बसत नाही.

मे महिन्यात मोहालीहून सरकारी तपासणीला क्षितिजा मॅडम आली. पोरगी मराठीच, पण वडील हवाई दलात, जन्म इकडचा. वही चाळून ती खूश झाली.

"काका, कमाल है! फेब्रुवारीत आठवड्याला चार जनावरं, आता एकतीस. म्हणजे खाणीनं नुकसान नाही. झरा दुरुस्त करायची अट मालकांवर लागणार नाही."

विश्रामचा चेहरा उतरला. तो तिला डोणीपाशी घेऊन गेला.

"म्याडम, ती आपसूक न्हाई वाढली. म्या पानी ओततोय."

तिनं वही मिटली. "मग ही वही रद्द, काका. पावसाच्या आत पुन्हा तीस दिवस मोजावं लागेल. आणि तोवर इथं एक थेंब पाणी नाही ठेवायचं."

"मरतील की वो ती!"

"कमी आली, तरच झरा मंजूर होईल," ती खाली बघत म्हणाली.

डोणी कोरडी पडली. तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना मादी आणि पाडस आली. पाडसानं डोणीचा तळ चाटला. माझ्यानं बघवेना.

सुनंदावहिनी स्वतःच्या आंघोळीची बादली उचलून निघाल्या. विश्रामनं त्यांचं मनगट धरलं.

"सोडा! कसायासारकं बगत काय हुबं ऱ्हायलाय?"

"झरा पायजेल का न्हाई तुला?" विश्राम रडत होता, पण हात सोडत नव्हता.

जनावरं तशीच मागं फिरली. सकाळी त्यानं वहीत लिहिलं, 'मादी एक, पाडस एक.'

दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'मादी एक.'

मोजणीचे अजून सव्वीस दिवस होते.