भिंगरीला झालेली सर्दी

भिंगरी म्हणजे तीन चाकांची गाडी. पुठ्ठ्याचं अंग, पुढे लुकलुकणारे दोन डोळे, आणि त्या डोळ्यांसमोर काही आडवं आलं की बाईसाहेब जागीच थांबून बोलायच्या, मग मागे फिरायच्या! आणि बोलायच्या कोणाच्या आवाजात? चांगुणामावशीच्या.

जळगाव जामोदला समाजमंदिराच्या खोलीत प्रेमानंद सर शाळा सुटल्यावर रोबोट आणि गेम बनवायला शिकवत. खोलीची किल्ली मावशीकडे, झाडलोटही तिचीच. भिंगरी पहिल्यांदा सुसाट सुटली आणि धाडकन भिंतीवर आदळली, तेव्हा मावशी झाडू टाकून धावली होती.

"थांबनं वं माय! भीत हाये समोर, भिऊ नको, मांगं फिर!"

वर्ग पोट धरून हसला. नववीतल्या महामायानं, भिंगरी तिचीच ना, मावशीला तेच पुन्हा बोलायला लावलं. सरांच्या फोनात भरलं, तिथून भिंगरीच्या नखाएवढ्या मेमरी कार्डावर घातलं. फोनात जागा नव्हती म्हणून सरांनी तिथलं पुसून टाकलं. कार्डावर आहेच की!

मग बुलढाण्याचं प्रदर्शन आलं. परीक्षक बाहेरगावचे येणार, हे महामायानं ऐकलं. 'भीत हाये' ऐकून ते खो-खो हसले तर? तिनं आरशासमोर चार दिवस तालीम केली आणि स्वतःच्या आवाजात भरलं, "कृपया थांबा. पुढे अडथळा आहे." फाईलचं नाव मात्र जुनंच ठेवावं लागे, नाहीतर भिंगरीला ओळखू येत नसे. कॉम्प्युटरनं विचारलं, जुनी काढून ही ठेवू का? तिनं 'हो' दाबलं. दाबताना गाणं गुणगुणत होती.

"काऊन वं, मायं बोलनं कुठी गेलं?" मावशीनं दुसऱ्याच दिवशी पकडलं.

"मावशी, भिंगरीले सर्दी झाली," महामाया म्हणाली. "प्रदर्शनाहून आलो का सोमवारी तुह्या आवाजात पुन्हा भरतो. पक्कं!"

"मंग तिले अद्रकाचा चहा पाज. आन मायासाठी पन एक कप ठेव."

शनिवारी भिंगरीचा दुसरा नंबर आला. परीक्षक म्हणाले, मुलीची भाषा किती स्वच्छ! रविवारी सकाळी मावशी नळावर घागर भरता भरता छाती धरून खाली बसली, ती उठलीच नाही.

सोमवारी वर्ग भरला नाही.

मावशीसाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी तिचे यजमान भाऊरावकाका वर्गात आले. लाल दोऱ्यातली किल्ली त्यांनी मुठीत घट्ट धरली होती.

"किल्ली द्यायले आलो, सर," ते म्हणाले. पण दिली नाही, तसेच उभे राहिले. "घरी फोटो हाये तिचा. आवाज नाही. माया फोन बटनाचा. ते लय सांगे, मी गाडीत बोलतो म्हने, मी मेली तरी बोलीन. एक डाव आयकवा ना, पोरीहो."

जुनं बोलणं कायमचं पुसलं गेलंय, हे सरांना माहीत नव्हतं. "जुनं लावून ऐकव ना, महामाया."

"बॅटरी उतरली म्हन," शेजारच्या प्रतीक्षानं कोपर मारलं. तिला सगळं ठाऊक होतं.

महामायानं तिचं कोपर बाजूला सारलं. तिनं भिंगरी खाली ठेवली. भिंगरी भिंतीपर्यंत गेली, थांबली.

"कृपया थांबा. पुढे अडथळा आहे."

काकांनी कान पुढे केला. "अजून एक डाव."

"कृपया थांबा. पुढे अडथळा आहे."

"हे ते नोहे," काका हळूच म्हणाले. "एवढं शुद्ध ते कधीच बोलली नाही, बाई."

"मीच पुसला, काका." महामाया म्हणाली. "लोक हसतीन म्हनून. सोमवारी पुन्हा भरनार होतो."

सर खुर्चीत बसले. काका मात्र रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं!

"हसतीन?" ते म्हणाले. "तिले तं हसवनंच आवडे." मग म्हणाले, "बेटा, काय म्हने ते नेमकं? तू तं आयकलं असशीन."

"थांबनं वं माय. भीत हाये समोर..."

"माय थोडं लांबवे ते. मा-य."

"थांबनं वं मा-य. भीत हाये समोर, भिऊ नको, मांगं फिर."

काकांनी डोळे मिटले. महामायानं आणखी एकदा म्हटलं. स्वतःच्या घरची बोली, पण प्रत्येक खेपेला मावशी जास्तच लांब जात होती. तिसऱ्यांदा काकांनी मान हलवली.

"राहू दे. नाही येत."

किल्ली टेबलावर ठेवून ते दाराकडे वळले. भिंगरी चालूच होती, तीही भिंतीकडून वळली होती. तिच्या डोळ्यांसमोर त्यांचे पाय आले.

"कृपया थांबा," महामायाच्या आवाजात ती म्हणाली. "पुढे अडथळा आहे."

काका थांबले. एखाद्या लेकरानं विनंती केली की थांबावं, तसे थांबले. मग तिच्या बाजूनं, तिला धक्का लागणार नाही असे, निघून गेले.