सेफेरिनोमामाची खोटी गोष्ट

आमच्या गावात गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगतात. बर्फ पडून साप बिळात गेले की सांगायला बसायचं, आणि वसंतात पहिली वीज कडाडली की तोंड मिटायचं. उन्हाळ्यात गोष्ट सांगितली तर साप ऐकतो आणि सांगणाऱ्याची वाट अडवतो, असं माझी आई म्हणायची. तिला त्यात शंका नव्हती. मलाही नाही.

गोष्टी जाणणारा माणूस म्हणजे माझा मामा सेफेरिनो. आमच्यात मूल आईच्या कुळाचं, म्हणून बापापेक्षा मामाचा शब्द मोठा. हा मामा काटक, एका डोळ्यानं अधू, दिवसभर मक्याच्या शेतात आणि संध्याकाळी मागावर पट्टे विणत बसलेला. आमच्या कुळाकडे एकच मोठी गोष्ट होती: लोक वरच्या गावातून खाली का उतरले, ती. डोंगराच्या सपाट माथ्यावर त्या गावाच्या भिंती अजून गुडघ्याएवढ्या उभ्या आहेत. ती गोष्ट आमच्याच माणसानं सांगायची, दुसऱ्या कुणी नाही. मामाला ती त्याच्या मामानं दिली होती.

आठ वर्षांची होईपर्यंत मी ती दर हिवाळ्यात ऐकली. आम्ही पोरं कणसांचे दाणे काढत बसायचो, मामा सांगायचा, आम्ही हुंकारा द्यायचो. हुंकारा थांबला की तोही थांबायचा. वरच्या गावात माणसं माजली होती, एकमेकांच्या कणग्या झाकून ठेवू लागली होती. मग पाऊस गेला. दोन बहिणी खडकातल्या टाक्यावर पाणी आणायला गेल्या. तिथं एक परकी म्हातारी बसली होती, तिनं पाणी मागितलं. थोरलीनं घडा मागं लपवला. धाकटीनं दिलं. आणि म्हातारी धाकटीच्या कानात काहीतरी बोलली. इथवर मी जागी असायची. पुढचं बाकीच्यांनी ऐकलं, मी आईच्या मांडीवर झोपलेली. सकाळी आई माझ्याकडं बघून म्हणायची, "लिओकादियाची गोष्ट टाक्यापाशीच संपते."

नवव्या वर्षी सरकारी गाडी आली आणि मला गोऱ्यांच्या वसतिशाळेत घेऊन गेली. तिथं आमची भाषा बोललं की फरशी घासावी लागे. सप्टेंबरात नेत, मेअखेरीस सोडत. म्हणजे माझे सगळे उन्हाळे गावात आणि सगळे हिवाळे शाळेत. घरी आल्यावर मी मामाच्या मागं लागायची.

"मामा, म्हातारी काय बोलली?"

"बाहेर बघ. काय दिसतं?"

"ऊन."

"मग? सापांना बोलावू का जेवायला?"

"पण हिवाळ्यात मी इथं नसतेच."

"तुझ्या शाळेला सांग, यंदा हिवाळा जूनमध्ये ठेवा म्हणावं." हे बोलून तो हसायचा, पण मग मागावरचे धागे उगाच पुन्हा ताणायचा. एकदा म्हणाला, "तुझी शाळा संपू दे. पहिल्या हिवाळ्यात तुला सगळी देतो. पुढं तीच तुझ्याकडं राहील."

मी चौदा वर्षांची असताना, जुलैत, ब्रॅडवेल नावाचा प्राध्यापक गावात आला. उंच, गोरा, घामेजलेला, वागायला सभ्य. त्याच्या मोटारीत बॅटरीवर चालणारं, आवाज पकडणारं यंत्र होतं. त्याला आमच्या गोष्टी हव्या होत्या. गावच्या प्रमुखानं नाही म्हणून सांगितलं, तरी तो रोज यायचा, मुलांना गोळ्या वाटायचा, दारादारात बसायचा. शेवटी तो म्हाताऱ्या युलोहियोकडं जाऊ लागला. युलोहियो दुसऱ्या कुळाचा. त्याला आमची गोष्ट येत नव्हती, पण इतर पुष्कळ यायच्या, आणि तंबाखू दिली की त्याला ना ऋतूचं भान राहायचं ना कुळाचं.

मामानं मला शेतावरून बोलावून घेतलं. "तुला त्यांची भाषा येते ना? चल. याला काहीतरी देऊन वाटेला लावू, नाहीतर हा युलोहियोला पिळून काढील."

"उन्हाळ्यात सांगणार?"

"गोष्ट कोण सांगतंय? मी बडबड करणार."

आमच्या अंगणात, मातीच्या भट्टीच्या सावलीत बसून मामानं दोन दुपारी जे सांगितलं, तसलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. वरच्या गावात म्हणे एक राक्षस होता. त्यानं गावाचा ढोल गिळला. तो चालला की पोटात ढोल वाजायचा, म्हणून लोकांना झोप येईना. मग एका कोल्ह्यानं त्याला मिरच्या खाऊ घातल्या, राक्षस पाण्यासाठी खाली पळाला, आणि लोक ढोलामागं धावत धावत खाली येऊन राहिले. राक्षसाचं नाव मामानं ठेवलं होतं ते आमच्या भाषेत 'उतू गेलेली पेज' असं होतं. तो ते इतक्या गंभीरपणे उच्चारायचा की मला ओठ चावून बसावं लागलं.

"या नावाचा अर्थ काय?" ब्रॅडवेलनं मला विचारलं.

"फार जुना शब्द आहे," मी म्हणाले. "अर्थ आता कुणाला माहीत नाही."

त्यानं ते वहीत लिहून घेतलं. ऑगस्टात तो निघून गेला. जाताना त्यानं मामाचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्याचे डोळे भरून आले. मोटार वळणाआड गेल्यावर मामा म्हणाला, "माणूस वाईट नव्हता." मग आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्या हसण्याची मला पुढं फार किंमत मोजावी लागली.

माझी शाळा संपायला एक वर्ष उरलं असताना, फेब्रुवारीत, मामाला न्यूमोनिया झाला आणि त्यातच तो गेला. आईनं कुणाकडून तरी पत्र लिहवून पाठवलं. मुख्याध्यापिकेनं ते मला मार्चमध्ये दिलं, परीक्षेत माझं मन विचलित होऊ नये म्हणून. मी मेअखेरीस घरी आले तेव्हा त्याच्या मागावरचा पट्टा कुणीतरी कापून उतरवला होता. आईला विचारलं, तुला येते का गोष्ट? ती म्हणाली, मी नुसती ऐकली, बाई, पण सांगायला तिचा क्रम लागतो, तिच्यातली गाणी लागतात, ती माझ्याकडं नाहीत. जेवढं तिला आठवलं तेवढंही तिनं सांगितलं नाही. चुकीचं सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं, असं तिचं मत. धाकट्या बहिणीनं ती ऐकलीच नव्हती. पूर्ण ऐकलेले माझे दोन मावसभाऊ होते. एक युद्धावरून परत आला नाही, दुसरा शहरात दारूत गेला. आईही गेली. मी लग्न केलं, पोरं वाढवली, भाकरी भाजल्या, नवरा पुरला.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात माझ्या बहिणीची नात मार्लीन धावत घरी आली. ती गावच्या शाळेत आमची भाषा शिकवते. चांगली पोर आहे. तिच्या वयाच्या लोकांत ती एकटीच मोडकंतोडकं तरी बोलते. तिच्या हातात छोटा संगणक होता.

"आजी, बस. तुला काहीतरी ऐकवायचंय."

तिनं बटण दाबलं आणि सेफेरिनोमामा माझ्या स्वयंपाकघरात बोलू लागला.

साठ वर्षांहून जास्त काळ गेला होता. त्याचा घोगरा आवाज, वाक्य संपताना जीभ टाळ्याला लावायची सवय. मी टेबलाची कड धरली. मग तो म्हणाला, उतू गेलेली पेज. आणि मागं कुणीतरी फुस्सकन आवाज केला.

"कुणीतरी खोकतंय बघ मध्येच," मार्लीन म्हणाली. "विद्यापीठानं सगळ्या फिती गावाला परत दिल्या. पुस्तकही आहे त्यांचं. आजी, आपल्याच कुळाची गोष्ट, आपल्याच मामाच्या तोंडून. मुलांचं नाटक बसवतेय हिवाळ्यासाठी."

"ते खोकणं नाही," मी म्हणाले. "ती मी आहे. हसतेय."

मी तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग तिला राग आला.

"तुला नक्की आठवतंय? तू चौदा वर्षांची होतीस."

"मीच भाषांतर केलं, मार्लीन."

"पुस्तकात लिहिलंय, हा सर्वांत जुना पाठ आहे. राक्षसाच्या नावावर एक आख्खं प्रकरण आहे."

"त्या नावाचा अर्थ पेज उतू गेली."

तिला तो शब्द माहीत नव्हता. ती पेज विकतची करते, पाकिटातली; उतू जात नाही. ती खुर्चीत मागं टेकून बसली.

"बरं. मग खरी सांग. आता हिवाळा आहे. बर्फ पडलंय. मी लिहून घेत नाही, नुसती ऐकते."

मी सांगायला लागले. ती हुंकारा देत होती, अगदी वेळेवर. माजलेली माणसं सांगितली, झाकलेल्या कणग्या सांगितल्या, आटलेलं पाणी, दोन बहिणी, लपवलेला घडा. धाकटीनं पाणी दिलं. म्हातारी तिच्या कानाशी वाकली.

मार्लीननं हुंकारा दिला. तिनं पुन्हा दिला.

"पुढं मला येत नाही," मी म्हणाले. "त्या म्हातारीनं काहीतरी वचन मागितलं. ते देऊन लोक खाली आले. एवढं आईच्या बोलण्यातून कळलं होतं. काय वचन, ते नाही."

"म्हणजे आपण कशाच्या बदल्यात इथं राहतोय, ते आपल्याला माहीत नाही?"

"नाही."

तिनं चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाली, आणि तिचा आवाज कडू झाला होता, "तुम्ही दोघांनी मिळून त्या गोऱ्याला फसवलं म्हणता. त्याला काय फरक पडला? तो सुखात मेला. फसले कोण?"

"आपण गोष्ट वाचवली, असं त्याला वाटलं होतं."

"काहीतरी खरं द्यायचं होतं त्याला. चोरली असती तरी चाललं असतं. निदान आज कुठंतरी असती."

मामानं गोष्ट राखली, नीट राखली, नियम न मोडता राखली, आणि ती त्याच्याबरोबर जमिनीत गेली. त्या फेब्रुवारीत मी शेजारच्या खाटेवर असते तर. पण मी शाळेत राज्यांच्या राजधान्या पाठ करत होते. त्या अजून येतात मला, सगळ्या.

डिसेंबरात मार्लीन पुन्हा आली. "आजी, मुलांची तयारी झालीय. मुखवटा झालाय, ढोल झालाय. अर्धी गोष्ट घेऊन मी काय उभं करू? पोरं पहिल्यांदा आपल्या भाषेत बोलतायत. त्यांना सांगू का, हे सगळं थट्टेत रचलंय म्हणून? एकही परत तोंड उघडणार नाही."

"नको सांगूस."

"तू येशील ना? तुला पुढं बसवायचंय. त्याच्या तोंडून ऐकलेली तू शेवटची."

मी गेले. शाळेच्या सभागृहात दुपारी सगळं गाव जमलं होतं, लाल मिरचीच्या रश्श्याचा वास सुटला होता. मला शाल पांघरली. मार्लीननं माझी ओळख करून देताना खाली बघितलं. मग वीस मुलांनी पेजेचं नाव घेत मंचाभोवती फेर धरला. लोक त्या नावाला मान लववत होते; त्याचा अर्थ कळणारं माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. दोन म्हाताऱ्यांनी तर देवाला वाहतात तसं मक्याचं पीठही वाहिलं. मला हसू आलं नाही. उच्चार मात्र पोरांचे चुकत होते. शेवटचा स्वर ती लांबवत नव्हती.

संपल्यावर राक्षस झालेली मुलगी मुखवटा काखेत मारून माझ्यासमोर उभी राहिली. सात-आठ वर्षांची, दात पडलेली.

"आजी, मी नीट म्हटलं का?"

मी तिला जवळ ओढलं आणि शेवटचा स्वर कसा ओढायचा ते तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्या वेळी तिला अगदी मामासारखं जमलं.