चिमणाबाईंचा फिरकीचा तांब्या

कॉफीचं दुकान काढायचं ठरल्यापासून त्रिशलाच्या डोक्यात पाणी एके पाणी. बोअरचं पाणी असलं क्षारट, की महागाचं मशीन बघता बघता चोंदलं असतं. म्हणून तिनं भारीतला आरओ बसवला, वर आणखी एक फिल्टर. "क्षाराचा कण राहायचा न्हाई," असं गावभर सांगत सुटली. आणि नेमकं उद्घाटनाच्या सकाळी, आख्खं सासर-माहेर खुर्च्यांवर बसलेलं असताना मशीन अडून बसलं. टाकी काठोकाठ भरलेली आणि दिवा म्हणतोय, पाणी न्हाई! घ्या आता!

तिनं मेकॅनिकला फोन लावला. तो कागलला अडकलेला. म्हणाला, "ताई, पाणी लईच शुद्ध केलंय तुम्ही. थोडा तरी क्षार असल्याबिगर मशीनला पाणी कळतच न्हाई. नळाचं न्हायतर गोड्या विहिरीचं मिसळा. बोअरचं नको."

नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं. नवरा, पारस, हळूच म्हणाला, "चहा मागवू का?" तेव्हा मात्र तिला रडूच कोसळलं.

कोपऱ्यातून सासूबाई उठल्या. चिमणाबाईंचा जैन नेम कडक; बाहेरच्या पाण्याचा घोट घेत नसत. कळंब्याच्या घरच्या विहिरीचं, दुपदरी फडक्यानं गाळलेलं पाणी फिरकीच्या तांब्यातून बरोबर आणायच्या. तोच तांब्या त्यांनी पुढं केला.

"आत्या, मग तुम्ही काय पिणार?" त्रिशलानं सासूला विचारलं.

"माझं मी बघंन. पावणं खोळंबल्यात, वत की!"

पाणी मिसळलं आणि दिवा विझला. मशीन फुसफुसलं, कॉफीचा वास सुटला, आणि मग दिवसभर गिऱ्हाइकाची रीघ लागली. चिमणाबाई तेवढ्या कोरड्या ओठांनी हसून सगळ्यांची विचारपूस करत होत्या.

उन्हं कलली तशी त्रिशलाला आत्यांचा नेम आठवला. दिवस बुडाला की ही बाई सकाळपर्यंत थेंब घेत नाही! भरलं दुकान पारसवर टाकून तिनं स्कूटर थेट कळंब्याला काढली. विहिरीतनं पाणी शेंदलं, गाळलं आणि दिवस मावळायच्या आत तांब्या घेऊन परत आली.

"गिऱ्हाईक सोडून गेलतीस व्हय, खुळे?"

"तुमच्यामुळंच तर आल्यात ती. आधी प्या."

चिमणाबाईंनी फिरकी उघडली आणि थबकल्या. "फडकं विहिरीतच उलटं धुतलंस न्हवं? त्यातला जीव परत पाण्यात गेला पायजे."

"व्हय आत्या. तुम्ही करता तसंच केलं."

तेव्हा कुठं त्यांनी तांब्या वर धरला. त्यांचं पिऊन होईस्तोवर त्रिशला समोरून हलली नाही.