ओलं पोतं

हनुमंतने पोतं पिळलं नाही. बादलीतून तसंच ठिबकतं उचललं आणि गाड्यांच्या चार्जरच्या पाठीवर पसरलं. घोडेगावच्या रस्त्यावर ऊन असं उभं होतं, की लिंबाची सावलीसुद्धा बुंध्याला बिलगून बसली होती.

"मामा, लावू का आता?" निकिताने टेम्पोतून विचारलं. मागे दुधाचे कॅन होते आणि नागापूरच्या डेअरीपर्यंत बॅटरी पुरणार नव्हती.

"तपासणीचा साहेब येऊन जाऊ दे गं. मग लाव."

"सकाळी बी हेच म्हनला. साहेबाची वाट बघत दूध नासायचं थांबतं व्हय?"

हनुमंत हसला नाही. आज त्याने चार्जरच्या कंपनीचा सदरा गळ्यापर्यंत गुंड्या लावून घातला होता. चार्जर गार असला की नीट चालायचा. एक गाडी भरून तापला की दिवस मावळेस्तोवर गप्प. म्हणून सकाळपासून त्याने कुणाला हात लावू दिला नव्हता. बाजारात म्हैस उभी करायची तर आदली धार काढत नाहीत. कास तुंबून तट्ट दिसते, गिऱ्हाईक भुलतं, म्हैस बिचारी पाय झाडत राहते. त्या बाजारात दलाली करण्यात हनुमंतचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

निकिताचं दूध याआधी दोनदा नासून परत आलं होतं. पुन्हा आलं तर वाहतूक दुसऱ्याला देऊ, असं डेअरीने सांगून ठेवलं होतं.

दुपार कलताना सरकारी तपासनीस अनिमेष आला. तोवर पोतं बाकाखाली गेलं होतं. त्याने आपली गाडी लावली. चार्जर गुणगुणला, दिवा हिरवा झाला. अनिमेषने सहज मशीनच्या पाठीवर हात ठेवला. तळवा ओला झाला.

त्याने हनुमंतकडे पाहिलं, मग टेम्पोकडे.

"ताई, तुम्ही केव्हापासून थांबलाय? इथे नीट चार्जिंग मिळतं ना?"

हनुमंत सदऱ्याची वरची गुंडी चाचपत राहिला.

"न्हाई मिळालं तर काय करता, साहेब?" निकिताने विचारलं.

"नियम कडक झालेत आता. बंद पडणाऱ्या चार्जरला सील. कंपनी दुरुस्त करेपर्यंत."

"आन् कंपनी कवा येती?"

"ते आमच्याकडे नाही."

निकिताने ओढणीने कपाळ पुसलं. पुढचा चार्जर थेट नागापुरात होता.

"आत्ताच आले मी," ती म्हणाली. "मिळतं की. लई चांगलं मिळतं."

अनिमेषने ओला तळवा रुमालाला पुसला. गाडी पूर्ण भरून घेतली, चार्जरवर हिरवं लेबल चिकटवलं आणि निघून गेला.

निकिताने धावत जाऊन वायर लावली. चार्जर गुणगुणला, थरथरला, विझला. लेबल तेवढं हिरवं राहिलं.

हनुमंतने लगबगीने पोतं बुडवून आणलं.

"होतंय गार. घटकाभर दम धर, पोरी."

निकिताने पोतं त्याच्या हातातून काढून घेतलं. चार्जरकडे तिने पाहिलंही नाही. टेम्पोत चढून ती ते कॅनवर पसरू लागली. कडेकडेने, हलक्या हाताने, निजल्या लेकरावर पांघरूण घालावं तसं. पोतं अर्ध्याच कॅनना पुरलं.

"अजून एखादं हाय का, मामा?"

हनुमंतने इकडेतिकडे पाहिलं. मग एकेक गुंडी सोडत त्याने कंपनीचा सदरा अंगातून काढला आणि बादलीत बुडवला.