तार कुणी बांधली?

मी पास्काची मेणबत्ती बोलतेय. चर्चमध्ये कधी गेला असाल तर मला पाहिलंही असेल. मनगटाहून जाड, पितळी खांबावर ताठ उभी. ईस्टरला मला पहिल्यांदा पेटवतात आणि मग वर्षभर बाप्तिस्मा असला की पेटवतात, मयत असलं की पेटवतात. माणूस आत येतो तेव्हा मी असते, आणि तो पेटीतून बाहेर जातो तेव्हाही मीच असते. लोक मला आशेची खूण म्हणतात. म्हणोत बापडे. माझ्या पोटात नेमकं काय जळतं, ते मला कुणी विचारलेलं नाही.

माझा जन्म सिस्टरांच्या मठात झाला. तिथे एक म्हाताऱ्या सिस्टर वात टांगून तिच्यावर पळीने वितळलेलं मेण ओतायच्या. एक थर वाळला की दुसरा. अशी मी हळूहळू अंग धरत गेले. शेवटी त्यांनी माझ्यावर क्रूस कोरला, त्या सालाचे आकडे चिकटवले आणि क्रुसात लाल मेणाचे पाच खिळे खुपसायला घेतले. हाताखालची नवी सिस्टर म्हणाली, "किती छान नक्षी दिसते!"

"नक्षी नाही ती," म्हाताऱ्या सिस्टर म्हणाल्या. "प्रभूच्या जखमा आहेत. नीट खुपस. वरवर लावलेस तर पडतील."

तेव्हा मी जखमा घेऊनच जन्मले. पुढे जे सांगणार आहे, ते ऐकताना एवढं लक्षात असू द्या.

या चर्चमध्ये माझी सगळी देखभाल मावशींकडे होती. मावशी म्हणजे सॅक्रिस्टी, वेदीमागची सामानाची खोली, सांभाळणारी बाई. वेदीवरचे कपडे धुणं, फादरांचे झगे इस्त्री करणं, फुलं बदलणं, वाचनाची पुस्तकं लावणं, कुठल्या रविवारी कुणी वाचायचं ते ठरवणं, सगळं त्यांच्याकडे. नवरा कधीच गेलेला. घरी त्या आणि त्यांची एकुलती एक लेक.

लेक दर शनिवारी दुपारी आईच्या मदतीला यायची. माझी काजळी धरलेली वात कात्रीने छाटायची, अंगावर ओघळलेलं मेण नखाने खरवडायची आणि माझ्याशी गप्पा मारायची. "सरळ उभी राहा, बये. उद्या सगळे तुझ्याकडेच बघणारेत." माझ्याशी असं बोलणारी ती एकटीच.

ती गावाच्या टोकाला असलेल्या मोठ्या लाँड्रीत कामाला होती. तिथे दवाखान्यांच्या आणि लॉजच्या चादरी वाफेवर धुतात. लाँड्रीचा मालक आमच्याच चर्चचा. रविवारी वेदीजवळच्या उंच मेजावर उभा राहून शास्त्रवाचन तोच करायचा. काय आवाज! भरदार, गोल, शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या आजोबांनाही ऐकू जाणारा. लोक त्याला प्रेमाने 'रेडिओ' म्हणायचे. "आज रेडिओ लागणार ना?" असं विचारूनच काही जण मिस्साला, रविवारच्या उपासनेला, यायचे.

एका शनिवारी लेकीने माझी वात छाटता छाटता आईला सांगितलं, "आई, बॉयलरच्या व्हॉल्व्हमधून वाफ सुटते ना, ती मालकांनी बंद केली. स्वतः तार बांधली वरून. म्हणे, सारखी शिट्टी वाजते, वाफ फुकट जाते."

"आणि दाब वाढला तर?"

"मी तेच विचारलं. म्हणाले, तू चादरी मोज."

"तू त्या खोलीत जाऊच नकोस."

"अगं, चादरी तिथेच तर असतात," असं म्हणून ती हसली.

हे दोघींनी ऐकलं. एक तिची आई आणि एक मी.

थोड्याच आठवड्यांत बॉयलर फुटला. त्या खोलीत लेक एकटी होती.

तिची पेटी वेदीसमोर ठेवली तेव्हा मी तिच्या डोक्याशी उभी होते. मला मावशींनीच पेटवलं. वाचन मालकानेच केलं. मेलेले पुन्हा उठतील, अश्रू पुसले जातील, असा तो भाग होता. त्याने तो इतका सुंदर वाचला की बाया ढसाढसा रडल्या. मी जळत होते आणि मनात म्हणत होते, एकदा तरी याने माझ्या जवळून जावं, चटका बसेल इतकं. त्या दिवशी तो लांबून गेला.

चौकशीत त्याने काय सांगितलं ते मला बाकांवरून कळलं. माणसं मिस्सा सुरू होण्याआधी माझ्या आसपास उभी राहून बोलतात. मेणबत्तीला कान नसतात असा त्यांचा समज आहे.

"तार म्हणे पोरीनेच बांधली."

"आजकालच्या मुली. लवकर आटोपून घरी जायचं असतं."

"मालक बिचारा किती रडला सांगताना."

"तिच्या आईला कोण बोलणार? जाऊ दे. मेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं." असं म्हणत म्हणत ते बोलतच राहिले.

एकदा मारून तो थांबला नाही. मेल्यावर तिचं नावही हिरावून घेतलं. मावशी चौकशीला जाऊन सांगून आल्या. साहेब म्हणाले, आईचं मन आहे, समजू शकतो. बॉयलरवर काम करणाऱ्या माणसाने मान खाली घातली. त्याला नोकरी टिकवायची होती. मी साक्ष दिली असती, पण मला तोंड म्हणून एक ज्योत दिली आहे, आणि तीही दुसऱ्याने लावल्याशिवाय लागत नाही.

आता आमच्या लोकांची एक गंमत सांगते. दर रविवारी ही सगळी माणसं एका सुरात म्हणतात की प्रभू पुन्हा येणार आहे, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करणार आहे. म्हणताना एक जण घड्याळ बघतो, एक जण लेकराच्या नाकाला रुमाल लावतो. दाराकडे कुणी बघत नाही. तो खरोखर येऊन दारात उभा राहिला, तर मागच्या बाकावरचे त्याला आधी म्हणतील, "जरा आवाज न करता बसा."

लेक गेल्यापासून मावशी मात्र दाराकडे बघायच्या. 'न्याय' या शब्दावर त्यांचा आवाज इतरांच्या वर चढायचा. फादरांच्या लक्षात आलं. एकदा ते सॅक्रिस्टीच्या दारात त्यांना म्हणाले, "मावशी, मनातला राग सोडा. क्षमा करा."

"मी काही करत नाहीये, फादर. मी फक्त वाट बघतेय. तो येणार आहे ना?"

"येणार आहे. पण सूड उगवायला नाही."

"न्याय करायला?"

"हो, न्याय करायला."

"मग झालं तर. येऊ दे."

फादर चांगले आहेत. ते झगा घालायला आत गेले.

पण मावशी नुसत्या वाट बघत बसल्या नाहीत. आगमनकाळ आला. नाताळच्या आधीच्या त्या आठवड्यांत प्रभूच्या येण्याची तयारी करतात. त्या काळातली वाचनं कडक असतात. जागे राहा, तो कधी येईल सांगता येत नाही, अंधारात केलेलं उजेडात येईल. मावशींनी सगळ्या रविवारी एकाच माणसाला वाचन दिलं. मालक म्हणाला, "सगळीच मला?"

"तुमच्यासारखा आवाज कुणाचा आहे?" मावशी म्हणाल्या.

आणि त्या पहिल्या बाकावर, त्याच्या अगदी समोर जाऊन बसल्या. पुस्तकातून नजर वर केली की त्याला त्या दिसायच्या. त्या रडत नव्हत्या, रागाने बघतही नव्हत्या. नुसत्या ऐकत होत्या. पहिल्या रविवारी तो एका ओळीवर अडखळला. दुसऱ्या रविवारी पाणी प्यायला थांबला.

"रेडिओत आज खरखर येतेय," मागून कुणीतरी कुजबुजलं.

"सेल बदलायला हवेत."

मला किती बरं वाटलं ते सांगू नये, पण सांगते. फार बरं वाटलं.

पण तिसऱ्या रविवारी तो आला तो ताजातवाना. शनिवारी संध्याकाळी तो पापनिवेदनाच्या, म्हणजे फादरांच्या कानात पाप सांगून माफी मागायच्या, रांगेत उभा होता, हे मी माझ्या कोपऱ्यातून पाहिलं होतं. आत बराच वेळ होता. रविवारी आवाज पुन्हा भरदार, गोल. मावशींकडे बघूनसुद्धा तो चाचरला नाही. त्यांनी हातातलं प्रार्थनेचं पुस्तक मिटलं. त्यांना कळलं आणि मलाही कळलं. हा माणूस परस्पर वर जाऊन मिटवून आला होता.

त्याच दुपारी त्याच्या नातवाचा बाप्तिस्मा होता आणि बाळाच्या श्रद्धेची हमी घेणारा धर्मपिता म्हणून उभा राहणार होता तो स्वतः. नातेवाईक नटूनथटून जमले. बाळ पांढऱ्या झबल्यात झोपलं होतं. मावशी पेटती काडी घेऊन माझ्याजवळ आल्या. मालक बाप्तिस्म्याच्या कुंडाशी, माझ्या अगदी शेजारी होता. इतका जवळ तो पहिल्यांदाच आला.

मला पेटवता पेटवता, त्याच्याकडे न बघता मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "तार कुणी बांधली?"

तो दचकला. मग तितक्याच हळू म्हणाला, "बाई, ते मी काल फादरांपुढे ठेवलंय. देवाने मला माफ केलंय."

"केलं असेल. पोर त्याची नव्हती, माझी होती."

"आज नको. मंगल दिवस आहे."

"प्रायश्चित्त काय दिलं फादरांनी?"

त्याने कोटाची बटणं चाचपली.

"मी लहान मुलांना धर्मशिक्षण देते," मावशी म्हणाल्या. "चोरलेली वस्तू परत केल्याशिवाय माफी पुरी होत नाही, हे सात वर्षांच्या पोरांनाही पाठ असतं. तुम्ही तिचं नाव चोरलंत. परत दिलंत?"

माझ्या ज्योतीच्या उजेडात त्याच्या कपाळावरचा घाम मला दिसला. मावशी मागे सरल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या.

फादर आले. विधी सुरू झाला. पाणी घालण्याआधी आईबापांना आणि धर्ममातापित्यांना काही प्रश्न विचारतात. फादरांनी विचारलं, "सैतानाला सोडता का?"

"सोडतो," सगळे म्हणाले.

"त्याच्या सगळ्या कामांना? त्याच्या खोटेपणाला?"

"सोडतो." या वेळी एक आवाज कमी होता. ज्याची सगळ्यांना सवय होती, नेमका तोच. बाळाच्या आईने वळून पाहिलं. फादरांनी क्षणभर वाट पाहून प्रश्न पुन्हा विचारला. त्याने तोंड उघडलं, मिटलं. कुणीतरी खोकलं. त्याची बायको दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, म्हणा ना."

"मला नाही म्हणता येत," तो म्हणाला. आणि मग त्याच्या त्या आवाजात, मागच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाला, "लाँड्रीतली ती तार मी बांधली होती. माझ्या या हातांनी. ती पोर मला नको म्हणत होती. चौकशीत मी खोटं बोललो."

एवढं बोलून तो खाली बसला. कुंडाच्या पायरीवरच, नव्या कोटात. बाळ जागं झालं आणि रडू लागलं.

तुम्हाला वाटत असेल, आता मावशींनी पुढे होऊन त्याचे हात हातात घेतले असतील. नाही घेतले. मी सगळं पाहिलंय. त्याने त्यांच्याकडे हात पुढे केले होते. त्या त्याच्या हातांकडे नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उठा. पोराचा काही दोष नाही. त्याचा बाप्तिस्मा होऊ द्या." धर्मपिता म्हणून मग बाळाचा मामा उभा राहिला. बाळाची छोटी मेणबत्ती माझ्यावर पेटवली गेली. तिला मी माझं सगळं दिलं. तिच्याशी माझं काही वैर नव्हतं.

पुढे चौकशी पुन्हा झाली. या वेळी बॉयलरवाल्यालाही कंठ फुटला. लाँड्रीला सील लागलं. मालकावर खटला चालू आहे, निकाल लागेपर्यंत तो घरी आहे. बाकांवरची माणसं आता म्हणतात, "आम्हाला तेव्हाच संशय आला होता." मी ऐकते. ज्यांनी ज्यांनी 'आजकालच्या मुली' म्हटलं, त्यांचे चेहरे मला पाठ आहेत. यांच्यातलं कुणी वारलं तर मला त्यांच्याही डोक्याशी उभं राहावं लागेल. तेव्हा मी धूर करणार नाही असं वचन मी दिलेलं नाही.

फादरांनी मावशींना विचारलं, "आता मन शांत झालं?"

"नाव मिळालं तिचं," मावशी म्हणाल्या. "पोर कुठे मिळाली?"

"अजून वाट बघता?"

"बघते. आता जास्तच."

"त्याला शिक्षा व्हावी म्हणून?"

मावशींनी वाचनांची यादी पुढे ओढली. "आधी पोरीला भेटेन. मग बघू." आणि त्यांनी पुढच्या रविवारच्या वाचनासाठी पुन्हा मालकाचं नाव लिहिलं. तो येतो. वाचतो. आता त्याचा आवाज कुणालाही असतो तसा साधा आहे. शेवटच्या बाकावरच्या आजोबांना ऐकू जात नाही.

माझं म्हणाल तर माझे दिवस भरत आले आहेत. ईस्टर जवळ आलंय. मठातून नवी मेणबत्ती येऊन सॅक्रिस्टीत कागदात गुंडाळून पडली आहे. तिच्यावर नव्या सालाचे आकडे आहेत. माझं साल संपलं. चारही आकडे वितळून गेले, क्रूस अर्धा गेला, जखमांतल्या दोनच उरल्या आहेत. मावशींनी मला खांबावरून उतरवून खिडकीत ठेवलंय.

प्रभो, मी तुझ्या नावाने जळले, म्हणून तुझा स्वभाव मला थोडाफार ठाऊक आहे. तू येशील आणि मालकाला माफ करशील. मला त्याचीच भीती वाटते. करायचं तर कर, तुझ्यापुढे माझं काय चालणार? पण अंधारात, कानात सांगून, परस्पर करू नकोस. आधी त्याला त्या पोरीसमोर उभं कर. तिला त्याचा चेहरा नीट दिसू दे, आणि त्याला तिचा. ती जे म्हणेल ते ऐकून घे, आणि मगच काय ते बोल.

उजेडाची चिंता करू नकोस. माझ्यात अजून तासाभराचं मेण आहे. ते मी कुणाला देणार नाही.